ग्लिया, पोटॅशियम आणि शहाळं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

माझ्या ग्लियावरच्या लेखावर वेंगुर्ल्याहून एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. तुमचे आक्षेप दोन. ग्लिया पेशी, म्हणजे मेंदूत चेतापेशींची देखभाल करणाऱ्या पेशी, संदेश पाठवत नाहीत आणि पोटॅशियम आवरायला ते पेशीत परत ओढणारा पंप आहे, मग त्यांच्या पोटॅशियम चॅनेलचं, म्हणजे पेशीच्या पडद्यातल्या पोटॅशियमच्या वाटेचं, एवढं कौतुक कशाला? आणि असलं लिहून मी पोटॅशियमने भरलेलं शहाळं पिणाऱ्यांना घाबरवतो.

पंपाचा वाटा मोठा आहे, त्यात वादच नाही. पण चेतापेशी दर संदेशागणिक थोडं पोटॅशियम बाहेर टाकते, आणि पेशींमधली फट असते जेमतेम मिलिमीटरच्या पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढी. तिथे एरवी लिटरमागे सुमारे ३ मिलिमोल पोटॅशियम असतं. फिट येते तेव्हा ते १०-१२ पर्यंत चढतं, आणि चढलेलं पोटॅशियम आजूबाजूच्या चेतापेशींना आणखी भडकवतं. अशा वेळी ॲस्ट्रोसाइट या ग्लिया पेशींच्या पडद्यातला केआयआर ४.१ हा चॅनेल कामाला येतो. पोटॅशियम साचलं तिथून तो ते आत घेतो. या पेशी एकमेकींना जोडलेल्या असल्याने, जिथे कमी आहे तिथे ते बाहेर सोडता येतं; अंगणात तुंबणारं पाणी पन्हळीने वाडीत काढून द्यावं तसं. मेंदूशास्त्रज्ञ कुफलर आणि सहकाऱ्यांनी हे १९६६ मध्येच मांडलं होतं. शिवाय ग्लिया गप्प असते तीही बरीचशी याच चॅनेलमुळे, कारण पडद्यावरचा विद्युतदाब तोच खाली धरून ठेवतो. तेव्हा ती संदेश पाठवत नाही म्हणून चॅनेल बिनकामाचा, हे मला पटत नाही.

पुरावा हवा असेल तर केसीएनजे१० हे जनुक बघा. हा चॅनेल बनवण्याची कृती त्यातच असते. ते बिघडलं तर काय होतं, हे २००९ मध्ये दोन गटांनी वेगवेगळं प्रसिद्ध केलं: लहानपणापासून फिट, चालताना तोल जाणं, बहिरेपणा, मूत्रपिंडातून क्षार वाहून जाणं. हा चॅनेल कानात आणि मूत्रपिंडातही असतो, म्हणून एवढी लक्षणं एकत्र. पण उंदरांच्या फक्त ग्लियातून तो काढला तरी फिट येतात आणि पिल्लं लवकर मरतात. पंप जागेवर असूनही!

राहिलं शहाळं. रक्तातलं पोटॅशियम थेट मेंदूत उतरत नाही, मध्ये रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर आहे. मूत्रपिंड ठणठणीत असेल तर खुशाल प्या. डायलिसिसवर असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते तोंडाला लावू नये. रक्तात पोटॅशियम साचलं की हृदयाचे ठोके बिघडतात.