जुन्या ट्रॅक्टरला नवे ऑइल खरेच मानवत नाही का?

खरिपाच्या तोंडावर यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडच्या गावांतून मोबाइलवर एक संदेश फिरत असतो. दहा-पंधरा वर्षे जुन्या ट्रॅक्टरचे ऑइल पूर्ण काढू नये, कमी झाले तेवढेच वरून घालावे. नवे ऑइलही लगेच काळे पडते, म्हणून बदलण्यात अर्थ नाही. नव्या ऑइलने जुने इंजिन गळू लागते. ऑइलचा फिल्टर डिझेलमध्ये धुतला की पुन्हा चालतो. आणि आपल्याकडच्या उन्हात जाडच ऑइल हवे, असे त्यात सांगितलेले असते. हा सल्ला मानून वाचलेला ऑइलचा खर्च पुढे इंजिनकामात अनेक पटींनी भरावा लागतो, म्हणून त्याचे सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

ऑइल लवकर काळे पडते, हे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. डिझेल जळताना तयार होणारी काजळी एका जागी साचू न देता बारीक कणांच्या रूपात स्वतःत धरून ठेवण्यासाठी ऑइलमध्ये खास रसायने मिसळलेली असतात, आणि ती काम करू लागली की थोड्याच तासांत ऑइल काळे दिसते. पण या रसायनांची क्षमता मर्यादित असते. ती संपली की काजळीचा गाळ बसू लागतो, आणि ज्वलनातून येणारी आम्ले निष्प्रभ न होता बेअरिंगचा धातू खाऊ लागतात. वरून लिटरभर ऑइल घातल्याने चेंबरमधली, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठते त्या भांड्यातली, काजळी, धातूचा चुरा आणि न जळलेले डिझेल बाहेर निघत नाही. शिवाय जुन्या इंजिनच्या पिस्टनवरच्या रिंगा झिजलेल्या असल्यामुळे जळालेला वायू त्यांच्या फटींतून अधिक प्रमाणात खाली उतरतो, म्हणजेच त्याचे ऑइल नव्या इंजिनपेक्षा लवकर खराब होते. अनेक जुन्या ट्रॅक्टरांच्या पुस्तिकेत ऑइल बदलण्यासाठी इंजिन चालण्याच्या 250 तासांची मुदत दिलेली असते. इंजिन जुने झाले म्हणून ती वाढवण्याचे काहीही कारण नाही.

गळतीच्या मुद्द्यात काही तथ्य आहे आणि ते मान्य केले पाहिजे. वर्षानुवर्षे ऑइल न बदललेल्या इंजिनमध्ये कडक झालेल्या सीलच्या (ऑइल बाहेर येऊ न देणाऱ्या रबरी कड्यांच्या) भेगा गाळानेच बुजलेल्या असतात. नवे ऑइल तो गाळ सोडवते, तेव्हा आधीच निकामी झालेले सील उघडे पडते. त्यावरचा उपाय सील बदलणे हा आहे. मात्र सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीत अडकण्याची भीती असल्याने अशा इंजिनमध्ये पहिल्या बदलानंतरचा बदल नेहमीच्या मुदतीच्या निम्म्याहून कमी तासांतच करावा आणि ऑइल प्रेशरच्या काट्यावर लक्ष ठेवावे.

फिल्टर धुण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. त्यातल्या घडीच्या कागदात रुतलेले कण धुऊन पूर्ण निघत नाहीत, उलट कागद फाटतो किंवा त्याची छिद्रे मोठी होतात. फिल्टर तुंबला तरी इंजिन कोरडे पडू नये म्हणून बहुतेक इंजिनांत एक झडप असते. ती उघडली की ऑइल न गाळताच क्रँकच्या बेअरिंगकडे जाते, आणि चालकाला ते कळतही नाही. म्हणून ऑइलबरोबर फिल्टरही बदलावा.

उन्हाचा मुद्दा थोडक्यात. अकोला किंवा चंद्रपूरला पारा 45 अंशांच्या पुढे जातो, हे खरे. पण कूलिंग व्यवस्था नीट असलेल्या इंजिनमधले पाणी थर्मोस्टॅटमुळे साधारण 80 ते 95 अंशांवरच राहते. पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडपेक्षा (ऑइलच्या जाडीच्या क्रमांकापेक्षा) जाड ऑइल घातले की प्रेशरचा काटा वर दिसतो आणि समाधान वाटते, परंतु सकाळी सुरू करताना तेच ऑइल वरच्या भागांपर्यंत उशिरा पोहोचते.

या संदेशात हवेच्या फिल्टरचा उल्लेखही नाही, याचे मला विशेष वाईट वाटते. सोयाबीन किंवा तूर काढताना हडंब्याजवळ, म्हणजे मळणी यंत्राजवळ, उभ्या ट्रॅक्टरभोवती भुसा आणि मातीची धूळ सतत उडत असते, आणि त्या धुळीतले वाळूचे कण लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) व रिंगा घासून टाकतात. जुन्या ट्रॅक्टरांवर बहुधा ऑइल भरलेल्या भांड्याचा फिल्टर असतो. हंगामात त्याचे भांडे रोज उघडून पाहावे, तळाशी चिखल बसला असल्यास धुऊन खुणेपर्यंत ताजे ऑइल भरावे. खुणेच्या वर भरल्यास ते इंजिनमध्ये ओढले जाऊ शकते.

बदल करताना ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन गरम असतानाच, हात भाजणार नाहीत अशा बेताने ऑइल काढावे. त्याआधी गेजपट्टी अवश्य पाहावी. ऑइल दुधासारखे दिसत असेल तर त्यात पाणी उतरत आहे. न घालताही पातळी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर त्यात डिझेल मिसळत आहे. अशा वेळी मूळ दोष दुरुस्त केल्याशिवाय नवे ऑइल भरू नये.