उरलासुरला माल आमच्याच माथी का?

वर्षभर बेळगावच्या ज्या ग्रंथप्रदर्शनाची वाट पाहतो, तिथून यंदाही मी जवळजवळ रिकामी पिशवी घेऊन खानापूरला परतलो आणि आज तीन दिवस उलटले तरी माझा संताप शमलेला नाही. परीक्षणांतून किंवा मित्रांच्या बोलण्यातून कळलेली पुस्तकांची नावे मी एका वहीत टिपून ठेवतो. या वर्षी अशी २३ नावे जमली होती. त्यांपैकी एक पुस्तक मिळाले.

मराठी दालने कमी नव्हती, पण त्यांत मांडले काय होते? ‘कोणतेही पुस्तक १०० रुपये’ या पाटीखाली रचलेले ढीग, झटपट श्रीमंत होण्याचे मार्ग सांगणारी भाषांतरे, राशिभविष्य आणि पाककृती. या पुस्तकांशी माझे वैर नाही. परंतु एकामागून एक सहा दालनांत तीच शीर्षके दिसू लागली की ही निवड कोणी केली नसून गोदामात जे पडून होते ते टेम्पोत भरून इकडे धाडले आहे, हे कोणालाही समजते. एका ढिगातून मी जुनी कादंबरी उचलली, तर १४४ व्या पानानंतर थेट १६१ वे पान आले. मधली सोळा पाने, म्हणजे एकत्र छापला जाणारा अख्खा फर्माच गायब होता. विक्रेत्याला ते दाखवले, तेव्हा त्याने प्रत बाजूला न ठेवता पुन्हा त्याच ढिगात टाकली. म्हणजे ती दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात पडणार!

इंदिरा संतांचे आयुष्य ज्या बेळगावात गेले, त्या बेळगावात त्यांचा एकही कवितासंग्रह मिळू नये, याला काय म्हणावे? १९८४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळालेला ‘गर्भरेशीम’ मी तीन ठिकाणी मागितला. दोघांनी नाव पुन्हा विचारले, तिसरा म्हणाला, “काका, इकडे कविता खपत नाहीत.” न आणलेले पुस्तक खपणार तरी कसे? ज्या शहरात १८४८ साली सार्वजनिक वाचनालय उभे राहिले, ज्या शहराने १९२९, १९४६ आणि २००० अशी तीनदा मराठी साहित्य संमेलने भरवली आणि ज्याच्या भोवतालच्या कडोली, उचगाव, सांबरा, येळ्ळूर, कुद्रेमनी यांसारख्या गावांतील लोक आपल्या बळावर ग्रामीण साहित्य संमेलने घेतात, त्या भागात वाचक नाही असे कोणी पुण्या-मुंबईत बसून ठरवावे, ही मला आमची मानहानी वाटते.

मी कन्नडही वाचतो. शेजारच्या कन्नड दालनांत विषयवार मांडणी होती, सूचीपत्र होते आणि विचारलेले पुस्तक कोणत्या फळीवर आहे हे सांगणारी माणसे होती. तिथे एका मराठी आत्मकथनाचा कन्नड अनुवाद मला हाती लागला. त्याचे मूळ मराठी पुस्तक मात्र संपूर्ण प्रदर्शनात कोणाकडेही नव्हते. मराठी शाळेत नववीत शिकणाऱ्या पुतणीला विज्ञानावरचे मराठी पुस्तक हवे होते. तिच्यापुढे रंगवायच्या चित्रांच्या वह्या ठेवण्यात आल्या.

“ऑनलाइन मागवा” हा सल्ला मी फार ऐकला आहे. लहान प्रकाशकांची कितीतरी पुस्तके तिथे मिळत नाहीत, आणि २०२४ च्या डिसेंबरात रजिस्टर्ड बुकपोस्ट ही पुस्तकांसाठीची स्वस्त टपालसेवा बंद झाल्यापासून टपालाने एखादे पुस्तक मागवणेही महाग पडते. शिवाय चार पाने उभ्याउभ्या वाचून पुस्तक निवडण्याचा जो हक्क पुण्यातल्या वाचकाला सहज मिळतो, त्यासाठी आम्ही दर वेळी तीनशेहून अधिक किलोमीटर प्रवास का करावा? तेच प्रकाशक तिकडे आपली नवी पुस्तके हौसेने मांडतात. इकडे येताना त्यांतल्या प्रत्येकाच्या पाच-पाच प्रती आणल्या असत्या, तरी मी त्यांचे गाडीभाडे वाजवी मानले असते.

गेल्या वर्षी एका विक्रेत्याने माझी यादी आणि दूरध्वनी क्रमांक लिहून घेतला होता व “मागवून ठेवतो” असे सांगितले होते. वर्षभरात त्याचा एकही फोन आला नाही. यंदा त्याच माणसाने मला न ओळखता पुन्हा कोरा कागद आणि पेन पुढे केले. मी वही मिटली आणि खानापूरची बस पकडली.