सनरूफ आहे का?

नाशिकच्या शाळेच्या ग्रुपवर गाडीचा फोटो टाकला आणि पहिला प्रश्न आला, "सनरूफ आहे का?" दुसरा, "ॲव्हरेज किती?" तिसऱ्याने तर निकालच लावला: "एवढ्यात गंगापूर रोडला फ्लॅट बुक झाला असता."

गाडी १९९८ ची लोटस एलिस, छोटी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. पॉवर स्टेअरिंग नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही. सनरूफचं म्हणाल तर अख्खं छप्परच गुंडाळून डिकीत टाकता येतं, मग डिकीत दुसरं काही मावत नाही.

चार दिवस झाले, तो सनरूफ डोक्यातून जात नाही. नाशिककरांना हल्ली गाडी म्हणजे चाकांवरचा दिवाणखाना हवा असतो. स्क्रीन केवढी, सीट गार होते का, हाक मारली की खिडकी उघडते का! वळणावर गाडी कशी वागते, हे शोरूममध्ये कुणी विचारत नाही. इकडे स्टुटगार्टला लोकांना गाडी कळते, असं मी ठणकावून लिहिलं. गाडी ट्यूफ, म्हणजे इकडची सक्तीची तपासणी, पास करून आणली तेव्हा शेजारच्या आजोबांनी हीटरचीच चौकशी केली होती, आणि ए८ महामार्गावर लिओनबर्गपाशी मी रोज पहिल्या गिअरमध्ये रांगतो, हे दोन्ही लिहिलं नाही.

पण मुद्दा खोटा नव्हता. एलिसचा सांगाडा ॲल्युमिनियमचा, तोही वेल्डिंग न करता इपॉक्सीने चिकटवलेला, वजन ६८ किलो. अख्खी गाडी ७२५ किलोच्या आसपास. इंजिन १.८ लिटरचं, ताकद १२० हॉर्सपॉवरच्याही आत; ताकदीच्या आकड्यांत तिला तुमच्या बऱ्याच एसयूव्ही हरवतील. गंमत आकड्यांत नाहीच. पुढच्या टायरची पकड सुटायच्या जरा आधी स्टेअरिंग हलकं पडतं, आणि मध्ये मोटर नसल्यामुळे ते हलकेपण थेट तळव्याला कळतं. चुकायच्या आधी कळतं, सावरायला वेळ असतो. गिअर उतरवताना चवड्याने ब्रेक दाबायचा आणि त्याच पावलाच्या कडेने ॲक्सिलरेटरला टिचकी द्यायची. जमलं तर गिअर लोण्यासारखा पडतो, चुकलं तर गाडी पाठीत धपाटा घालते. मला वर्षभर धपाटे बसले.

नॉर्डश्लाइफे या इकडच्या जुन्या रेसट्रॅकवर मी वर्षातून दोनदा जातो. २०.८ किलोमीटरची एक फेरी. कारुसेलच्या वळणात आतल्या तिरप्या काँक्रीटवर गाडी उतरवली की प्रत्येक फरशीचा सांधा मनगटात मोजता येतो. मागून पोर्शे येतात, मी उजवीकडे सरकून वाट देतो. एकदा तर मुलाची सीट बांधलेली स्टेशन वॅगन पुढे निघून गेली. तरी खाली उतरताना हात थरथरत असतात आणि चेहऱ्यावरचं हसू जात नाही.

हे लिहिल्यावर थारवाला मित्र म्हणाला, "खेळणं आहे रे." मी म्हटलं, तुझी काय आहे? तीन दारांची, मागच्या सीटवर काकूंना चढता येत नाही, चिखलासाठी घेतलीस आणि अजून टायरला चिखल लागलेला नाही. तो शांतपणे म्हणाला, "पण माझी कॉलेज रोडच्या स्पीडब्रेकरवरून जाते." यावर काय बोलणार!

मग दोन दिवस गप्प असलेल्या एकाने लिहिलं, "हलकी गाडी, पॉवर स्टेअरिंग नाही, सगळं हाताला कळतं. अरे, काकांची आठशे वेगळी काय होती?"

मारुती ८००. वजन ६५० किलोच्या आसपास. बाबा मायको कंपनीत होते, डिझेलच्या नोझलमध्ये मायक्रॉनची चूक पकडणारा माणूस. गाडीचा आवाज बदलला की ते रेडिओ बंद करायचे. कसारा घाट उतरताना मला शिकवायचे, "ब्रेकवर उभा राहू नकोस. गिअर टाक, इंजिनला धरू दे." पुढच्या ट्रकचे लायनर जळल्याचा वास यायचा आणि बाबा काही न बोलता माझ्या डाव्या हाताकडे बघायचे.

ती गाडी विकली तेव्हा मी इकडे होतो. आईने फोनवर सांगितलं, मी "बरं झालं, जागा अडत होती" म्हणालो.

आता समृद्धीच्या आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून घाट पाचेक मिनिटांत मागे पडतो. ग्रुपवर त्याचे व्हिडिओ येतात आणि मी कुरकुर करतो, की घाटाची मजा घालवली. मजा म्हणजे कुणाची? दर आठवड्याला ठाण्याच्या दवाखान्यात आईला नेणारे ते मित्र, मी नव्हे.

त्या आठशेच्या मेसेजला मी उत्तर दिलंच नाही. थारवाल्याने विषय बदलला, "मग नाशकात कधी आणतोस?" मी जरा जास्तच उत्साहाने नियम लिहून काढले: वापरलेली गाडी भारतात आणायची तर तीन वर्षांच्या आतली हवी, स्टेअरिंग उजवीकडे हवं. माझी पंचविशी ओलांडलेली, स्टेअरिंग डावीकडे. शिवाय नंबरप्लेट ०४–१० ची, म्हणजे फक्त एप्रिल ते ऑक्टोबर चालवायची; या शनिवारी बॅटरी काढून ती गॅरेजात जाणार ती एप्रिलपर्यंत.

त्याचं उत्तर आलं, "गाडीचं कळलं."

पुढे काहीच लिहिलं नाही त्याने. मीही नाही. दिवाळीच्या तिकिटांची खिडकी लॅपटॉपवर तीन दिवसांपासून उघडी आहे.