'ड्यून'चा मेंदूच काढून टाकला का? एका जुन्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया मोठी आहे आणि तळमळीने लिहिलीय, म्हणून तिथेच चार ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा वेगळं लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. 'ड्यून' या विज्ञानकादंबरीवरच्या सिनेमाच्या दोन्ही भागांचं मी कौतुक केलं, त्यावर यांचं म्हणणं असं की मी नुसत्या चित्रांना भुलले, दिग्दर्शक डेनी विलनव्हने कादंबरीचा मेंदू काढून टाकला आणि वाळू तेवढी ठेवली, मेजवानीचा प्रसंग गायब, सल्लागार थुफिर हावट गायब, नायक पॉलची छोटी बहीण अलिया गायब, त्याची प्रेयसी चानी हिचं तर पार वाटोळं, आणि एवढं कापायचंच होतं तर सरळ वेब सिरीज का नाही केली.

सिरीजचं आधी. ती झालीय. २००० साली अमेरिकन टीव्हीवर तीन भागांत आली होती, कथानक बरंच शाबूत ठेवून. तरी ती बघताना पुस्तक वाचल्यासारखं वाटत नाही, निदान मला नाही वाटलं. आणि विलनव्हचे दोन भाग मिळूनही ३२१ मिनिटं होतात, म्हणजे सव्वापाच तासांच्या वर, तेही एकाच पुस्तकाला. तेव्हा अडचण वेळेची आहे हे मला पटतच नाही. अडचण ही आहे की फ्रँक हर्बर्टची ही १९६५ची कादंबरी निम्मी माणसांच्या डोक्यात घडते. एका पानावर पॉलची आई जेसिका हिच्या मनात काय चाललंय, पुढच्या परिच्छेदात समोरच्याच्या मनात काय, मग पॉलच्या, आणि हे सगळं एकाच खोलीत एकाच संभाषणात. आपल्या नाटकात स्वगत चालतं, पात्र दोन पावलं पुढे येऊन मनातलं बोलतं आणि आपण ते मान्य करतो. पडद्यावर क्लोजअपमधे तेच केलं की पार कृत्रिम होतं. डेव्हिड लिंचने १९८४ला करून बघितलंच ना, पात्रं कुजबुजत्या आवाजात मनातलं बोलतायत, सुरुवातीला राजकन्या इरुलान ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर आपल्याकडे बघत सगळं समजावून सांगतेय, आणि हे कमी पडेल म्हणून काही थिएटरमधे प्रेक्षकांच्या हातात शब्दार्थांचे कागदही दिले होते. लिंच काही लहान दिग्दर्शक नव्हता. त्याने पुस्तकातले विचार जसेच्या तसे उचलून पडद्यावर ठेवले आणि ते तिथे मेले.

आता तुमचा मेजवानीचा मुद्दा. तो प्रसंग माझाही अतिशय लाडका आहे. त्या वाळवंटी ग्रहावरच्या अराकीन शहरात अशी चाल असते की पाहुण्यांनी दारातल्या पात्रात हात बुडवायचे, पाणी जमिनीवर सांडायचं, टॉवेलला हात पुसून तो त्याच पाण्यात टाकायचा, आणि जेवणं झाल्यावर बाहेर भिकाऱ्यांना ते टॉवेल पिळून पाणी द्यायचं. पॉलचे वडील लेटो, तिथले नवे सत्ताधारी, ही चाल तिथल्या तिथे बंद करतात. एवढ्याशा गोष्टीत तो ग्रह, तिथली सत्ता, लेटोचा स्वभाव सगळं येतं. पण त्यानंतरचं जेवण आठवा, अवकाशवाहतूक करणाऱ्या गिल्डचा बँकर, तस्कर, पाण्याचा धंदेवाला, ग्रहाचा अभ्यासक काइन्स, आणि प्रत्येक वाक्यानंतर कुणीतरी मनात म्हणतं की याचा सूर असा का बदलला, हा कुणाचा माणूस आहे. ते मनातलं काढलं तर उरतात जेवणाच्या टेबलावरची काही खोचक वाक्यं, आणि ठेवलं तर परत लिंच.

विलनव्हने काय केलं बघा. पहिल्या भागात राजवाड्याबाहेर खजुराची झाडं आहेत, ती पुस्तकातही आहेत, पण तिथे ती जेसिकाला खिडकीतून दिसतात. सिनेमात पॉल माळ्याजवळ जातो. माळी सांगतो की एकेक झाड रोज पाच माणसांचं पाणी पितं, वीस झाडं म्हणजे शंभर माणसं. पॉल विचारतो, मग काढून टाकायची का, तर तो म्हणतो नाही, ही पवित्र आहेत. अगदी छोटा प्रसंग आहे. टॉवेलांनी जे सांगितलं होतं तेच इथे झाडं सांगतात, वर एक आशाही चिकटते की कधीतरी इथे हिरवं होईल, आणि पुढे हल्ल्याच्या रात्री तीच झाडं जळताना दिसतात तेव्हा कुणी काही बोलावं लागत नाही. मेजवानी गेली याचं दुःख मलाही आहे, पण त्या मेजवानीचं काम या माणसाने दुसरीकडून करून घेतलं आणि हे तुम्ही हिशोबात धरतच नाही.

तसंच पॉलच्या परीक्षेतल्या त्या पेटीचं. पुस्तकात पॉलचा हात वेदनेच्या पेटीत आहे, मानेशी विषारी सुई आहे आणि भीतीवरचा तो मंत्र तो मनात म्हणतो. सिनेमात तो मंत्र दाराबाहेर उभी असलेली जेसिका पुटपुटते, थरथरत. म्हणजे मुलाच्या मनातलं वाक्य आईच्या तोंडी दिलं, आणि त्यामुळे आत मुलाचं काय होतंय आणि बाहेर आईचं काय होतंय हे दोन्ही एकदम कळतं. हे मला पुस्तकाइतकंच आवडतं, स्पष्टच सांगते.

लेटोच्या घरचा डॉक्टर यूए, त्याच्या बाबतीत मात्र मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे, हा मुद्दा तुम्ही मांडला नाहीत पण मांडायला हवा होता. हर्बर्ट दुसऱ्याच प्रकरणात लेटोचा शत्रू बॅरन याच्या सल्लागाराच्या, पायटरच्या, तोंडून सांगून टाकतो की फितूर यूए आहे. मग पुढे यूए पॉलशी प्रेमाने बोलतो, त्याला भेट देतो, त्या प्रत्येक वेळी वाचकाच्या पोटात गोळा येतो. सिनेमाने ते लपवलं आणि ऐनवेळी उघड केलं, धक्का बसतो पण यूए माणूस म्हणून उभाच राहत नाही. हे टाळता आलं असतं. यासाठी मनातलं काही दाखवायची गरज नव्हती, बॅरनचा एक सीन पुरला असता.

आणि चानी. यावर आपलं जमणार नाही बहुतेक, तरी ऐका. हर्बर्टला सांगायचं होतं की असा तेजस्वी नेता ही समाजावरची आपत्ती असते. पुष्कळ वाचकांनी पॉलला सरळ हिरो करून टाकलं, म्हणून १९६९च्या 'ड्यून मसाया'मधे त्याला उघडउघड सांगावं लागलं की पॉलच्या नावाने चाललेल्या युद्धात ६१ अब्ज माणसं मेली. आता पहिल्या पुस्तकात हा इशारा कुठे आहे? पॉलच्याच डोक्यात. त्यालाच ते युद्ध आधी दिसतं, तोच घाबरतो, तोच टाळू बघतो. पडद्यावर डोकं दिसत नाही, दिसतो तो वाळवंटातल्या महाकाय किड्यावर स्वार होणारा देखणा पोरगा, आणि थिएटरमधे शिट्ट्या पडतात. मग ती भीती कुणाला तरी द्यावीच लागते. विलनव्हने ती चानीला दिली. ती फ्रेमेन, म्हणजे तिथल्या वाळवंटातल्या लोकांपैकी आहे, तिचं पॉलवर प्रेम आहे आणि पॉल तारणहार असल्याच्या भाकितावर तिचा विश्वास नाही, यापेक्षा योग्य माणूस कोण सापडणार? पुस्तकाच्या शेवटी पॉल राजकन्येशी लग्न ठरवतो आणि जेसिका चानीची समजूत घालते की इतिहास आपल्यालाच बायका म्हणेल. सिनेमात सगळा दरबार गुडघे टेकतो, ती टेकत नाही, बाहेर निघून जाते आणि वाळवंटात एकटी किड्याला बोलावते. प्रसंग बदलला, हर्बर्टचं म्हणणं उलट जास्त स्वच्छ झालं. पुस्तकातली चानी शांत आहे, खंबीर आहे, मलाही ती हवीहवीशी वाटते, पण तशीच ठेवली असती तर दुसरा भाग विजयाच्या मिरवणुकीवर संपला असता.

हावटचं तुमचं दुःख मात्र खरं आहे. पहिल्या भागात लेटो त्याला दूताच्या प्रवासाचा खर्च विचारतो, त्याचे डोळे पांढरे होतात आणि आकडा बाहेर येतो, बस्स, मेंटॅट, म्हणजे संगणकासारखा हिशोब करणारा माणूस, काय असतो ते काही सेकंदांत कळतं, आणि इतकं सुंदर उभं केलेलं पात्र दुसऱ्या भागात नाहीच. बॅरनच्या कैदेत, रक्तात विष, जेसिकाच फितूर असल्याचा चुकीचा संशय, आणि तो शेवटचा पॉलसमोरचा क्षण, हे सगळं गेलं. अलियाचं कारण तरी समजतं, पुस्तकात मधे दोनेक वर्षं जातात, सिनेमाने तो काळ गरोदरपणात बसवला त्यामुळे ती पोटातूनच बोलते. पण त्यामुळे पॉल इतक्या थोड्या महिन्यांत फ्रेमेनांचा देव होतो हे मलाही पचलं नाही. हावटवर तुम्ही सविस्तर लिहा ना. त्याचा सगळा धागा कमीत कमी मिनिटांत कसा बसवता आला असता, कुठला प्रसंग काढून, हे तुमच्याकडून वाचायला मला मनापासून आवडेल, आणि लिहिलंत तर मी इथेच स्वतंत्र लेख म्हणून टाकेन.