रानपिंगळा खानापुरात? आधी फोटो नीट बघा

‘११३ वर्षं नामशेष असलेला रानपिंगळा भीमगडच्या जंगलात सापडला. दिवसा दिसला तर अपशकुन. जिवंत पकडून देणाऱ्याला लाखो रुपये.’ बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर-जांबोटीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फोटोसकट फिरतोय. रानपिंगळा म्हणजे एक दुर्मीळ, छोटं घुबड. मला तिघांनी पाठवला, त्यातला एक घरचाच.

फोटोतला पक्षी शेवग्याच्या फांदीवर बसलाय, मागे कौलं दिसतात, माथ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची दाटी. हा आपला साधा पिंगळा. रानपिंगळ्याच्या माथ्यावर ठिपके जवळपास नसतातच; पोट पांढरं, पायांवर पांढरी पिसं. तो राहतो सागाच्या कोरड्या, विरळ रानात.

११३ चा आकडा बरोबर आहे, बातमी मात्र शिळी. 1884 नंतर हा पक्षी कुणाला दिसला नव्हता. नोव्हेंबर 1997 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि सहकाऱ्यांना तो सापडला. मधल्या काळातली गंमत ऐका. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने संग्रहालयातला ह्या पक्ष्याचा भरून ठेवलेला जुना नमुना चोरला, नव्याने भरला आणि ‘मांडवी, गुजरात, 1914’ अशी चिठ्ठी लावून स्वतःचा म्हणून खपवला. पुस्तकांनीही ती नोंद खरी मानली. रासमुसेनबाईंनी लबाडी ओळखून मांडवी यादीतून काढली, आणि खऱ्या जुन्या नोंदींच्या मागावर त्या शहाद्याला पोचल्या. म्हणजे खोट्या ठिकाणाचा ‘फॉरवर्ड’ ह्या पक्ष्याच्या वाट्याला आधीही आलाय.

त्यानंतरच्या नोंदी सातपुडा, मेळघाट, डांग, ठाण्याकडचं तानसा इथल्या. तानसा ते भीमगड सरळ रेषेत 400 किलोमीटरहून जास्त. भीमगडात दुर्मीळ काही नाही असं नव्हे. बारापेडे गुहेत जगात मोजक्याच ठिकाणी आढळणारं रॉटनचं वटवाघूळ आहे. त्याचा मेसेज मला अजून आलेला नाही.

अपशकुनाचं काय बोलावं! रानपिंगळा दिवसाच शिकार करतो, म्हणून दिवसा दिसतो. आणि पहाटे दारी येऊन भविष्य सांगणाऱ्या पिंगळा जोशाला सुपातून धान्य घालणारी आपणच माणसं.

खरा धोका मेसेजच्या शेवटच्या ओळीत आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार पिंगळा असो वा रानपिंगळा, पकडणं आणि विकणं गुन्हा आहे. लाखांच्या आशेने कुणी जाळं टाकलंच, तर त्यात सापडेल परसातला साधा पिंगळा, आणि कोर्टाच्या खेपा घालेल गावचंच एखादं पोर.