गाडी ओळखच देईना

आज दुपारी सव्वातीनला अण्णांचा, माझ्या वडिलांचा, फोन आला, वाईहून, ढोल्या गणपतीजवळच्या पार्किंगमधून. पाऊस धो धो, अण्णा ज्यांची गाडी चालवतात त्या साहेबांच्या आई देवळाच्या दारात छत्री धरून उभ्या, आणि आमचे अण्णा, ३१ वर्षं स्टिअरिंग हातात असलेला माणूस, मला म्हणतात, "पोरी, गाडी ओळखच देईना. काय चुकलं माझं?"

काय चुकलं माझं. दुपारपासून हेच डोक्यात फिरतंय म्हणून लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

गाडी कोटीच्या घरातली. कीलेस एंट्री. चावी खिशात असली की हँडलला हात लावला की दार उघडतं, बटण दाबलं की चालू. म्हणजे गाडी बारीकसा रेडिओ सिग्नल सोडते आणि खिशातली चावी त्याला ओ देते, ओ ओळखीची निघाली की लॉक उघडलं. ही ओ द्यायला चावीत नाण्याएवढा सेल असतो. आता मला सांगा, ड्रायव्हर दिवसभर असतो कुठे? गाडीत, नाहीतर गाडीला टेकून. चावी खिशात. गाडी हाका मारत राहते, चावी ओ देत राहते, आणि सेल लवकर संपतो. साहेबांच्या कपाटातली दुसरी चावी मात्र वर्षभर तशीच ताजी.

आणि अण्णांनी सांगितलं होतं हो! आठवडाभर स्क्रीनवर इंग्लिशमध्ये मेसेज येत होता. त्यांना त्यातलं 'बॅटरी' आणि 'लो' एवढं कळलं, ते त्यांनी बंगल्यावर सांगितलं, तिथे सगळ्यांना वाटलं गाडीची बॅटरी, सर्व्हिसिंगला दाखवू म्हणाले. शंभर रुपयांच्या आतला सेल. त्याच्यासाठी ७८ वर्षांची बाई पावसात ताटकळली आणि माझ्या बापाची मान खाली गेली.

मी ऑफिसातून मॅन्युअलची पीडीएफ उघडली, सगळं इंग्लिश, आणि फोनवरून एकेक सांगत गेले. अण्णा, चावीच्या कडेला खटका असेल तो दाबा, आतून बारकी लोखंडी चावी निघेल. "निघाली!" दाराच्या हँडलला छोटं झाकण आहे, ते काढा, खाली भोक दिसेल. दार उघडलं तसा अलार्म ओरडायला लागला, आजूबाजूची माणसं गोळा झाली, आणि अण्णा सगळ्यांना सांगतायत की मी चोर नाही, मी ड्रायव्हर आहे. मला फोनवर सगळं ऐकू येत होतं. मग कन्सोलमधल्या खुणेच्या जागी चावी ठेवा, ब्रेक दाबा, बटण दाबा. तिथे सेल मेलेला असला तरी गाडी चावीतली चिप जवळून वाचते. चालू झाली. अलार्म थांबला. अण्णा काहीच बोलले नाहीत, फोन ठेवला.

पाच मिनिटांचं काम होतं. कोणी एकदा दाखवलं असतं तर!

डिलिव्हरीच्या दिवशी अण्णा शोरूममध्येच होते. दीड तास चालला तो कार्यक्रम. अँबियंट लाइटचे रंग, मसाजची सीट, सनरूफ, म्युझिक, सगळं मागच्या सीटवर बसणाऱ्यांना समजावलं. जो माणूस गाडी चालवणार तो हार आणि पेढ्यांचा बॉक्स धरून बाजूला उभा. आपल्याकडे असल्या गाड्या बहुतेक ठिकाणी ड्रायव्हरच चालवतो, हे शोरूमवाल्यांना माहीत नाही का? संताप होतो माझा.

ते ड्रायव्हर असिस्टन्सचंही तसंच. पहिले पंधरा दिवस अण्णांना वाटत होतं स्टिअरिंगमध्ये फॉल्ट आहे, खड्डा चुकवायला जरा बाजूला घेतली की गाडी उलटी ओढते. तो लेन असिस्ट, गाडीला स्वतःहून लेनमध्ये ठेवणारा. इंडिकेटर दिला की तो आडवा येत नाही, हे एक वाक्य कोणी सांगितलं नाही. मग खेड शिवापूरजवळ बाइकवाला आडवा घुसला, गाडीनं स्वतःहून करकचून ब्रेक मारला, मागे साहेबांचा चहा सांडला आणि बोलणी अण्णांनी खाल्ली. "मी नाही मारला, गाडीनं मारला" यावर कोणाचा विश्वास बसेना.

बरं, मान्य, त्या ब्रेकमुळे तो पोरगा वाचला. एबीएसही, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाकं लॉक होऊ न देणारी सिस्टीम, १९७८ ला आधी मर्सिडीजच्या एस-क्लासमध्येच आलं आणि २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या कारना सक्तीचं झालं, तेव्हा हे सगळंही उद्या साध्या गाड्यांत येईल, यावं. माझं भांडण टेक्नॉलॉजीशी नाहीच.

पण ह्या सगळ्या सिस्टीम मिळून आपल्याकडे लेव्हल टू म्हणून विकतात. म्हणजे हात स्टिअरिंगवर, नजर रस्त्यावर, आणि काही झालं तर जबाबदारी चालवणाऱ्याची. जर्मनीत मर्सिडीजच्या लेव्हल थ्रीला डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी मिळाली, तिथे तेव्हा ठरावीक हायवेवर, ट्रॅफिकमध्ये, ताशी ६० किलोमीटरपर्यंत सिस्टीम चालू असताना रस्त्यावरची नजर काढायची मुभा मिळाली. अण्णांना ती मुभा नाही. गाडी काय करतेय, का करतेय, हे सगळं त्यांनीच ओळखायचं, तेही पाठीमागून बोलणी खात. मग शिकवायचं कोणाला? ज्याच्या अंगावर जबाबदारी त्यालाच ना? मराठीत, हिंदीत, ज्याला जे कळतं त्यात, गाडीत बसवून, दोन तास.

साहेब माणूस वाईट नाहीत, माझ्या बारावीच्या फीला त्यांनी मदत केलीय, ते मी विसरणार नाही. संध्याकाळी त्यांचा फोनही आला अण्णांना, सॉरी म्हणाले. आजी तर गाडीत बसल्यावर अण्णांनाच म्हणाल्या, तुम्ही भिजलात, आधी डोकं पुसा. हे सांगताना अण्णांचा आवाज जरा हलला.

आता जेवण झालंय. अण्णा खाटेवर बसून चावीचा तो खटका दाबतायत, लोखंडी चावी काढतायत, परत आत घालतायत. मी जुन्या वहीत मराठीत सगळं लिहून देतेय, झाकण कुठे, चावी कुठे ठेवायची, सेलचा नंबर काय. आत्ताच म्हणाले, "ते लेन असिस्टचं पण लिही. आणि अक्षर मोठं काढ."