‘टर्बोला पाणी लागतच नाही’ या तक्रारीवर आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. एक स्टार बघून वाईट वाटलं, पण तुम्ही नुसते रागावला नाहीत, मुद्दे लिहिलेत. म्हणून मीही मुद्द्यांनीच उत्तर देतो.

तुमचं म्हणणं असं: टर्बो (इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या, म्हणजे एक्झॉस्टच्या, जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा भाग) बदलायला गाडी दिली, इस्टिमेट ३८,५०० रुपयांचं होतं, बिल ४५,९०० झालं. वरचे ७,४०० आम्ही ‘पाण्याच्या पाइपां’च्या नावाखाली लावले. तुमच्या ओळखीच्या मिस्त्रींनी सांगितलं की टर्बो ऑइलवर चालतो, त्याला पाणी लागत नाही. आधीच्या गॅरेजमध्ये ते पाइप काढून टाकले होते, तरी गाडी आठ महिने चालली. आणि एका दिवसाच्या कामाला तीन दिवस लागले.

आमची चूक आधी सांगतो. खर्च वाढणार हे कळलं तेव्हा तुम्हाला फोन जायला हवा होता, तो गेला नाही. मी पार्ट आणायला साताऱ्याला गेलो होतो, गाडी लिफ्टवर उघडी होती आणि मुलांनी मला विचारून काम पुढे नेलं. त्यांनी मला विचारलं, मी तुम्हाला विचारलं नाही. वाढलेल्या ७,४०० मध्ये दोन पाइप ४,२००, तांब्याची वॉशर आणि क्लॅम्प ३५०, कूलंट १,०५० आणि मजुरी १,८०० आहे. मजुरीचे १,८०० मी परत करतोय. सामानाचे पैसे परत करणार नाही, कारण ते सामान गाडीला लागणारच होतं. का, ते आता सांगतो.

तुमचे मिस्त्री चुकीचं बोलत नाहीत. ते ज्या गाड्यांवर शिकले असतील त्या बहुतेक डिझेल. फियाटचं १.३ मल्टिजेट इंजिन घ्या, जे आपल्याकडे मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटाच्या इंडिका व्हिस्टामध्ये आलं. त्याच्या ७५ बीएचपीवाल्या छोट्या टर्बोला पाण्याचा पाइपच नाही. वरून ऑइल येतं, खालून जातं, संपलं. असे टर्बो मी स्वतः लाख-दीड लाख किलोमीटर चाललेले उघडलेत आणि आतले बुश, म्हणजे शाफ्ट ज्यात फिरतो त्या बेअरिंगच्या कड्या, चांगले निघालेत. ट्रकवालेही तेच सांगतील. म्हणून ‘टर्बोला पाणी लागत नाही’ हे वाक्य त्या गाड्यांपुरतं खरं आहे.

तुमची गाडी एक लिटर इंजिनाची, पेट्रोलवरची आहे. डिझेलचा एक्झॉस्ट पूर्ण लोडवर साधारण ७५० ते ८५० अंश सेल्सिअसपर्यंत जातो, आणि हलक्या पायाने चालवली तर त्याच्या कितीतरी खाली राहतो, कारण डिझेल इंजिन भरपूर जास्तीची हवा ओढतं. पेट्रोलचा एक्झॉस्ट लोडवर ९५० च्या पुढे जातो, काही इंजिनांत १,०५० पर्यंत. तो सगळा जाळ टर्बोच्या एका बाजूच्या चाकावर येतो. त्या चाकाचा शाफ्ट बोटाएवढाही जाड नसतो, मिनिटाला दोन लाखांच्या आसपास फेरे घेतो, आणि तरंगतो तो ऑइलच्या पातळ थरावर. गाडी चालू असेपर्यंत ऑइल वंगणाचंही काम करतं आणि उष्णता वाहून नेण्याचंही. इथपर्यंत पेट्रोल काय, डिझेल काय, ऑइलवर भागतं.

खरा प्रश्न चावी बंद केल्यावर येतो. ऑइल पंप इंजिनवर चालतो. इंजिन थांबलं की पंप थांबला. एक्झॉस्टच्या बाजूचं बीड (ओतीव लोखंड) मात्र अजून शेकडो अंशांवर तापलेलं असतं, आणि आता ती उष्णता न्यायला कुणी नाही. मग ती शाफ्टमधून आणि भिंतीतून मधल्या भागात सरकते. म्हणजे बेअरिंगचं तापमान गाडी बंद केल्यावर वाढतं, चालू असताना नव्हे. तिथे अडकलेलं थोडंसं ऑइल २५०-३०० अंशांवर जळायला लागतं आणि त्याचा कार्बन होतो. तव्यावर तेल विसरलं की जो काळा चिकट थर बसतो आणि घासून निघत नाही, तसाच. आज थोडा, उद्या थोडा. शेवटी बुश अडकतो, शाफ्ट हलायला लागतो, आणि तुम्ही लिहिलंय तसा निळा धूर येतो.

पाणी नेमकं इथे उपयोगी पडतं. पाणी आणि कूलंटचं अर्धं-अर्धं मिश्रण साध्या हवेच्या दाबाला १०८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंटच्या टाकीच्या झाकणाच्या दाबाखाली आणखी वर. जोवर बेअरिंगभोवतीच्या पोकळीत ते आहे, तोवर ती भिंत ऑइल जळण्याइतकी तापू शकत नाही. आणि त्याला पंप लागतोच असं नाही. तापलेलं पाणी हलकं होऊन वरच्या पाइपने निघतं, त्याच्या जागी खालच्या पाइपने थंड पाणी येतं. म्हणून दोन्ही पाइपांचा चढ-उतार कंपनीने दिलाय तसाच ठेवावा लागतो. मधे उलटा वळसा दिला की हवा अडकते आणि हे फिरणं थांबतं. काही पेट्रोल गाड्यांत याच्या जोडीला छोटा इलेक्ट्रिक पंप असतो. गाडी बंद करून माणूस घरात गेला तरी बॉनेटखाली गुणगुण ऐकू येते ती त्याची. लोक घाबरून फोन करतात, म्हणून इथे लिहून ठेवतो.

तुम्ही विचाराल, मग पाण्याशिवायचे पेट्रोल टर्बो कधी झालेच नाहीत का? झालेत. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोचं इंजिनच हवेवर थंड होणारं होतं, गाडीत पाणीच नव्हतं, टर्बो ऑइलवर चालायचा. पण त्यासाठी त्या गाडीत ऑइल भरपूर असायचं, ऑइलचा वेगळा कूलर असायचा. तुमच्या गाडीत साडेतीन लिटर ऑइल आहे आणि टर्बो पाण्याचा हिशेब धरूनच बनवलाय. ज्याला पाण्याच्या वाटा दिल्यात, त्या वाटा कोरड्या ठेवून तो चालवायचा नसतो.

आता तुमच्याच गाडीबद्दल. तुम्ही लिहिलंय की रोज सकाळी वाईहून पसरणी घाट चढून पाचगणीला कामाला जाता. बारा-एक किलोमीटरमध्ये सहाशे मीटरच्या आसपास चढ. दुसरा-तिसरा गिअर, टर्बो पूर्ण भरलेला, वेग कमी म्हणून बॉनेटखाली वारा कमी. आणि घाट संपला की लगेच गाव, लगेच पार्किंग, लगेच चावी बंद. टर्बो सगळ्यात जास्त तापलेला असतो त्याच क्षणी ऑइल थांबतं. सपाट रस्त्यावरच्या गाडीने पाण्याशिवाय कदाचित आणखी वर्षभर काढलं असतं. तुमची रोजची वाट नेमकी उलटी आहे.

आणि हे मी अंदाजाने बोलत नाही. तुमची जुनी कोअर, म्हणजे टर्बोचा शाफ्ट आणि बुश असलेला मधला भाग, आम्ही उघडली. कंप्रेसरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या थंड बाजूचा बुश स्वच्छ, बोटाने फिरणारा. एक्झॉस्टच्या बाजूचा बुश काळ्या कार्बनमध्ये घट्ट बसलेला, शाफ्ट तेवढ्याच भागात निळा पडलेला. ऑइल कमी पडलं असतं किंवा ऑइलमध्ये कचरा असता, तर दोन्ही बुश झिजले असते. फक्त गरम बाजूचाच गेलाय, याचा अर्थ ऑइल पोचत होतं आणि गाडी बंद झाल्यावर तिथेच जळत होतं. टर्बोच्या पाण्याच्या दोन्ही तोंडांना आंधळे बोल्ट (तोंड बंद करणारे, भोक नसलेले) मारलेले होते आणि इंजिनकडून येणारा पाइप वळवून परत इंजिनलाच जोडला होता. तुमची गाडी ‘आठ महिने व्यवस्थित’ चालली म्हणता, पण त्या आठ महिन्यांपूर्वी बसवलेला टर्बो नवा होता. तो आठ महिन्यांत गेला. त्या गॅरेजचं नाव मला नको आहे. पाइप गळत असेल, मिळत नसेल, गिऱ्हाईक घाईत असेल. पण हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं.

मिस्त्रींनी सुचवलेला उपाय, म्हणजे बंद करण्याआधी दोन मिनिटं गाडी न्यूट्रलला ठेवायची, तो चांगला आहे आणि पाणी असलं तरी घाटानंतर जरूर करा. त्याहून चांगलं म्हणजे शेवटचा किलोमीटर पाय हलका ठेवून चालवा. चांगलं सिंथेटिक ऑइलही उशिरा जळतं. पण घाईच्या दिवशी, पाऊस असताना, मूल मागे रडत असताना कुणी दोन मिनिटं थांबत नाही. पाणी त्या दिवसासाठी आहे.

कूलंट ‘उगाच’ बदलल्याचं तुम्ही म्हणता. टाकीत कूलंट नव्हतंच, बोअरचं पाणी होतं, तपकिरी झालेलं. टर्बोतली पाण्याची वाट अरुंद असते. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तिथे बसला की पाइप असूनही नसल्यासारखे. ते भरून मी गाडी दिली असती तर तीच खरी फसवणूक झाली असती.

तीन दिवस कसे लागले? पहिल्या दिवशी उघडलं. दुसऱ्या दिवशी सातारला पाइप मिळाले नाहीत, पुण्याहून मागवले. ऑइलचा वरचा पाइपही आतून कार्बनने अर्धा बुजला होता, तो बदलला (तो मूळ इस्टिमेटमध्येच होता). इंजिनखालची ऑइलची टाकी (संप) खोलून जाळी धुतली, इंटरकूलरमध्ये (टर्बोतून आलेली हवा थंड करणारा भाग) साचलेलं ऑइल काढलं. तिसऱ्या दिवशी कूलंट भरून हवा काढली आणि मी स्वतः गाडी पसरणी घाटाने वर नेली. वर जाऊन लगेच बंद केली, तुम्ही करता तशी. बॉनेट उघडून थांबलो. काही मिनिटांत वरचा पाइप हात लावता येणार नाही इतका तापला, खालचा त्यामानाने गार होता. म्हणजे इंजिन बंद असताना पाणी आपोआप फिरतंय. हे बघितल्याशिवाय मी गाडी देत नाही.

जुनी कोअर, आंधळे बोल्ट आणि वळवलेला पाइप तुमच्या गाडीच्या नंबरच्या पिशवीत ठेवलंय. मिस्त्रींना घेऊन या, दोन्ही बुश त्यांच्या हातात देतो. त्यांनी बघून वेगळं काही सांगितलं तर मला ऐकायचंय. १,८०० रुपये त्याच दिवशी घेऊन जा, किंवा फोन करा, खात्यावर पाठवतो. रिव्ह्यू बदलायचा की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पैशाचा त्याच्याशी संबंध नाही.

आणि एक काम करा. पहिले आठ दिवस सकाळी गाडी थंड असताना कूलंटच्या टाकीची पातळी बघा. हवा काढल्यानंतर पहिल्या दोन दिवसांत थोडी खाली जाईल, तेवढं चालतं. त्यानंतरही उतरत असेल तर वरून पाणी घालू नका, तशीच गाडी घेऊन या. जोड माझ्या हातचे आहेत, त्याचे पैसे लागणार नाहीत.